टेपावरची जमीन

घरकुलांचा विषय आमच्या खोरवडे नगरपंचायतीच्या सभेपुढे तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी मनाशी ठरवूनच गेले होते की आज निकाल लावायचाच. मुरबाडहून शहापूरकडे येताना लागणारं आमचं गाव परवापरवापर्यंत साधी ग्रामपंचायत होतं. नगरपंचायत झाली, अध्यक्षपद बाईसाठी राखीव निघालं आणि संदेशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोटो लावायला तयार ठेवलेल्या बॅनरवर माझा फोटो लागला. निवडून मी आले, सत्कार त्याचे झाले. सुरुवातीला तो सभेतही माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा. मग नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या आणि पहिल्याच सभेत म्हणाल्या, "सदस्यांचे यजमान बाहेर बसतील." झालं! सगळे यजमान व्हरांड्यात, चहा पीत, आत काय चाललंय ते दाराला कान लावून ऐकत. मला गंमतच वाटली. खरं सांगते, त्या दिवसापासून मला आपण अध्यक्ष आहोत असं वाटायला लागलं.

विषय तसा समजायला अवघड नव्हता. स्टँडमागच्या पत्र्याच्या चाळींत आणि ओढ्याकाठी जी भाडेकरू माणसं राहतात, त्यांच्यासाठी चार इमारती बांधायच्या. बांधकामाला सरकारचं अनुदान, थोडा वाटा लाभार्थ्यांचा. पण जागा नगरपंचायतीने द्यायची, आणि रस्ता, पाणी, गटार, विजेचे खांब हे सगळं नगरपंचायतीच्या खर्चाने. आमच्या तिजोरीची कथा काय सांगू? दिवाळीला सफाई कामगारांना बोनस द्यायचा तरी मॅडमना ठाण्याला फेऱ्या माराव्या लागतात.

"कर्ज काढा," नथूशेठ म्हणाले. त्यांचं सिमेंटचं दुकान आहे, त्यामुळे बांधकाम कुठलंही असो, ते बाजूनेच बोलतात.

"आणि फेडणार कोण?"

"घरपट्टी वाढवा थोडी."

त्यावर असा गलका झाला की व्हरांड्यातल्या यजमानांनाही राहवेना. तेसुद्धा बाहेरून ओरडायला लागले. गलका थांबल्यावर गोमाभाऊ उभे राहिले. ते विरोधी पक्षाचे. सभेत खुर्चीवर बसलेलं त्यांना कुणी फारसं पाहिलेलं नाही. ते म्हणाले, बाजाराचं मैदान बिल्डरला द्या, तो अर्ध्यात दुकानं काढील आणि अर्ध्यात गरिबांना घरं बांधून देईल.

"आणि भाजीवाल्यांनी कुठे बसायचं?" मी विचारलं. "तुमच्या ओटीवर?"

सगळे हसले. मला चेव चढला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तिसरा एक मार्ग आहे. रस्त्यालगतची जमीन कुणी विनामोबदला दिली, तर पुढच्या पट्ट्यात गाळे काढता येतील. गाळ्यांच्या अनामत रकमेतून रस्ता, पाणी होऊन जाईल. कर्ज नको, घरपट्टी नको. मागे इमारती."

त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाची रस्त्याला लागून जमीन आहे. प्रत्येकजण समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघायला लागला. मला त्यांची कीव आली, आणि राग आला, आणि त्या दोन्हीच्या वर मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. मी उभी राहिले.

"आम्ही देतो," मी म्हटलं. "टेपावरची आमची जमीन."

टेप म्हणजे आमच्याकडे लहानशी टेकडी. गावाच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून आमची वरकस जमीन आहे. भात होत नाही तिथे, नाचणी आणि वरी व्हायची. सासरे, नामाबाबा, होते तोपर्यंत पिकवत होते. ते गेल्यापासून गवत वाढतं आणि ज्याची गुरं त्यात शिरतात त्याच्याशी संदेश भांडतो, एवढाच तिचा उपयोग.

काय टाळ्या पडल्या! नथूशेठनी तर उठून हात जोडले. त्या टाळ्या आठवल्या की आता माझे कान गरम होतात, पण त्या वेळी पाय जमिनीवर नव्हते.

मॅडमनी लगेच सातबारा काढायला लावला. समोरच्या पडद्यावर तो उमटला आणि त्या वाचायला लागल्या. "संदेश नामा... आणि रंभा नामा. या रंभा कोण?"

"ती माझी नणंद," मी म्हटलं. "लग्न होऊन गेलीय."

"त्यांचा अर्धा हिस्सा आहे यात. त्यांना विचारलंय?"

"विचारायचं काय त्यात? सही देतील की."

कुणीतरी हसलं. नथूशेठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही नागपूरकडच्या. आमच्याकडे बहिणी नाव सोडून देतात. हक्कसोड करतात, भाऊ साडीचोळी करतो, विषय संपला." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या सभागृहात आम्ही नऊ बायका होतो. आमच्याही माना डोलल्या.

मला वन्संची आठवण त्या क्षणी झाली, त्याआधी नाही. जमीन देताना त्यांचं नाव माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. आमची जमीन म्हणजे आमची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वन्संचा त्यात वाटा आहे हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. ठाऊक होतं, पण चपलेत खडा असल्यासारखं कधी बोचलं नव्हतं.

व्हरांड्यात संदेश लालबुंद होऊन उभा होता. "तुझ्या बापाची जमीन आहे का ती?" एवढं म्हणून तो मोटरसायकल काढून गेला. संध्याकाळी परत आला तो मात्र शीळ घालत. टेपाच्या मागच्या उतारावर आमचा आणखी एक मोठा तुकडा आहे. तिथे जायला वाट नाही म्हणून कवडीमोल. आता नगरपंचायत टेपावर रस्ता नेणार, पाण्याची लाइन नेणार. पुढचं त्याने मला बोटांवर मोजून समजावलं. शिवाय इमारतींना सासऱ्यांचं नाव देता येईल, हे त्याला फार आवडलं. माझ्या दानशूरपणावर तो एकदम खूश झाला.

"आता अक्काची सही घेऊन टाकू," तो म्हणाला. "नुसती टेपाची कशाला? सगळ्याचीच घेऊ. मागचा तुकडा, भातखाचर, हे घर. पुन्हा पुन्हा ताप नको."

हे घर म्हणजे आमचं स्लॅबचं घर. बांधलं संदेशने, पण जागा सासऱ्यांची, नोंद त्यांच्या नावाची. ते गेल्यावर नोंदीला दोन्ही मुलांची नावं लागली. ज्या घरात मी रोज झाडलोट करते, त्यावर माझं नाव नाही आणि वन्संचं आहे. याचाही मी कधी विचार केला नव्हता.

साडी घ्यायला आम्ही मुरबाडला गेलो. दुकानदाराने साड्या पसरल्या. मी एक मोरपंखी उचलली. जरीचा काठ होता, हाताला मऊ लागत होती. संदेशने किमतीची चिठ्ठी उलटून बघितली.

"हक्कसोडीला एवढी?" तो हळूच म्हणाला. "तुझ्या भावांनी तुला दिली होती तशी घे ना. तीपण चांगलीच आहे."

मी खाली बघितलं. तीच माझ्या अंगावर होती. हिरवीगार, मरून काठाची. धसईला, माझ्या माहेरी, वडील वारले त्या वर्षी दोघं भाऊ आमच्याकडे आले होते, साडी, नारळ, मिठाईचा पुडा घेऊन. मी सही केली होती. केवढी खूश झाले होते मी! भाऊ आले, मानाने आले, साडी घेऊन आले. धसईच्या बाजाराला लागून आमची जमीन आहे, तिथे आता भावांचं भात गिरणीचं शेड उभं आहे. ती साडी मी जपून ठेवते. ती माझी सभेची साडी आहे. अध्यक्षपदाची शपथ मी तीच नेसून घेतली होती.

काही क्षण माझ्या हातात ती मोरपंखी तशीच राहिली. मग मी ती ठेवली आणि तिच्या खालची, काठाला जर नसलेली, उचलली. फॉल-पिको करायला दोन दिवस लागतील, दुकानदार म्हणाला, तर संदेश म्हणाला राहू दे. मीही राहू दे म्हटलं.

वन्सं राहतात स्टँडमागच्या चाळीत, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचं सासर डोळखांबकडचं. नवरा गेला तेव्हा दिरांनी घराला आपलं कुलूप घातलं. मग पूजाला, त्यांच्या मुलीला, कॉलेजला बरं पडेल म्हणून त्या खोरवड्याला आल्या आणि खोली भाड्याने घेतली. शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. आमच्याकडे यायच्या सणावाराला. बाहेरच्या पायरीवर चपला काढायच्या, तांब्याभर पाणी प्यायच्या, भावाची चौकशी करायच्या आणि जेवायच्या आत निघायच्या. "बसा ना वन्सं," मी म्हणायचे. मी म्हणायचे आणि त्या बसायच्या नाहीत, हे दोघींनाही सोयीचं होतं. भावाचं एवढं घर गावात असताना बहीण भाड्याने का राहते, असं आम्हाला कुणी विचारलं नाही. कुणालाच ते विचारण्यासारखं वाटलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. आम्हाला दोघांना एकत्र दारात बघून त्या गडबडल्या. कॉटवरचे कपडे उचलले, पूजाला दूध आणायला पिटाळलं. पत्रा तापला होता. संदेशने साडी आणि नारळ पुढे केला, आणि घसा साफ करून घरकुलांचं, टेपाचं, बाबांच्या नावाचं सगळं सांगितलं. हक्कसोडीचं बोलताना मात्र तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. आणि त्या हसल्या. तोंड भरून, मोकळ्या हसल्या.

"बरं झालं रे बाबा, तू आलास," त्या म्हणाल्या. "मीच येणार होतू तुझ्याकडे. पण कसं बोलायचं म्हणून थांबलू."

"काय गं अक्का?"

"माझं नाव काढ तिथनं लवकर. त्या नावापायी माझं घर गेलं बघ."

मला काही कळेना. वन्संनी माझ्याकडे वळून सांगितलं. "या घरांसाठी मीपण फॉर्म भरला होता गो अनिता. पूजाने भरला. तर मला बाद केलान. ऑफिसातला पोरगा बोलला, आजी, तुमच्या नावावर पक्कं घर आहे, स्लॅबचं. मी हसलू त्याला. बोल्लू, अरे ते माझ्या भावाचं घर. तो बोलला, कागदावर तुमीपण मालक. मालकाला दुसरं घर नाय मिळत." त्या पुन्हा हसल्या. "मालकीण! भाडं थकलं की इथला मालक दारावर लाथ मारतो, आणि मी स्लॅबच्या घराची मालकीण!"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाद झालेल्यांची ती यादी माझ्या टेबलावर आली होती. वर माझी सही होती. मी एकही नाव वाचलं नव्हतं.

"आता नाव गेलं की मी परत फॉर्म भरीन," वन्सं म्हणाल्या. "दुसरी यादी निघणार आहे ना? तेवढं तू बघशील ना गो? टेपावरच देणार ना घरं? मला खालचा मजला नको. वरनं बाबांचं शेत दिसेल..." त्या थांबल्या. "म्हणजे आता शेत नसेल तिथे. पण जागा तीच ना."

मी संदेशकडे बघितलं. मला वाटलं हा आता काहीतरी बोलेल. माझा नवरा वाईट माणूस नाही. लहानपणी ताप आला की याला पाठीवर घेऊन हीच बहीण दवाखान्यात पळायची, असं तो स्वतःच सांगतो. त्याची मान खाली गेली होती. तो उठला, "मोटरसायकल वाटेत लावलीय," म्हणाला आणि बाहेर गेला. परत आत आला नाही. वन्संनी केलेला चहा मी एकटीने प्यायले. त्यांनी साडीची घडी उलगडली, गालाला लावली आणि म्हणाल्या, "रंग चांगला काढलास." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाताना संदेश म्हणाला, "बघ, अक्काचंपण कामच झालं यात." त्याच्यावर चिडायला मला तोंड होतं कुठे? भर सभेत ती जमीन मी दिली होती. साडी मी निवडली होती.

पुढच्या आठवड्यात मुरबाडला नोंदणी होती. कचेरीबाहेर बाकावर आमचा नंबर यायची वाट बघत आम्ही बसलो. संदेश झेरॉक्स काढायला गेला तेव्हा मी वन्संचा हात धरला.

"वन्सं, सही करू नका."

"का गो?"

"ते घर तुमचंपण आहे. टेपपण तुमचा. तुम्ही आणि पूजा आमच्याकडे या राहायला. माडीवरची खोली रिकामी आहे. मी त्यांना समजावते."

बोलताना मला वाटत होतं, आता मी मोकळी झाले. वन्संनी माझ्या हातावर थोपटलं, लहान पोरीला थोपटावं तसं.

"तुला काय वाटतं, मला कळत नाय?" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "टेपाला आज काय भाव आहे ते मला ठाऊक आहे. मागच्या तुकड्याला उद्या काय येईल तेपण. वसतिगृहातल्या बायका मला रोज सांगतात, भांड म्हणून. भांडेन. हिस्सा घेईन. मग भाऊबीजेला कुणाच्या दारी जाऊ? पूजाच्या लग्नात मामा म्हणून कुणाला उभा करू?"

"ते येतील. ते तसे नाहीत."

"तो तसा नाय म्हणूनच तर भांडत नाय." त्यांनी माझा हात सोडला. "आणि तुझ्या घरात राहायचं म्हणतंस... तू आज लाजलीस म्हणून बोलतंस. लाज उतरेल गो. मग माझी भाकरी तुझ्या डोळ्यात यायला लागेल. तुझा दोष नाय, कुणाच्यापण येते. मला माझं दार हवं. आतनं कडी लावता येईल असं."

लाज उतरेल म्हणाल्या ते खरं असेल, याची मला भीती वाटली.

आत साहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला. राजीखुशीने सोडताय का, काही मोबदला घेतलाय का. "राजीखुशीने," वन्सं म्हणाल्या. "मोबदला कसला? माझा भाऊ आहे." मशीनवर अंगठा उमटेना, स्वयंपाक करून करून रेषा गुळगुळीत झालेल्या. कारकुनाने तो पुसायला लावला, पुन्हा पुन्हा दाबायला लावला. शेवटी एकदाचा उमटला. संदेशने सगळ्यांना पेढे वाटले.

त्यानंतर घरकुलांचं काम भराभर पुढे सरकलं. बक्षीसपत्र झालं, गाळ्यांचा आराखडा झाला, दुसरी यादी तयार झाली. या वेळी मी ती ओळ न् ओळ वाचली. रंभाबाईंचं नाव पात्र यादीत होतं. यादी कायम करायची सभा ठेवली, आणि यादीतल्या लोकांना हरकती ऐकायला बोलावलं. सभागृहाच्या मागच्या बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. वन्सं भिंतीशी बसल्या होत्या, आम्ही दिलेली साडी नेसून.

नावं वाचून होत आली आणि गोमाभाऊ उठले.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले. "ही रंभा कोण? अध्यक्षांची नणंद ना? मागे याच सभेत आम्ही सातबारा बघितला, त्यात हिचं नाव होतं. म्हणजे ही जमीनवाली. घरवाली. मागे बाद झाली होती, आता अचानक पात्र? दिली ती जमीन खरीच दान होती की नणंदेला घर मिळवायची युक्ती?"

मागे कुजबुज सुरू झाली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "अध्यक्षांनी खुलासा करावा. इतिवृत्तात घेते."

मी उभी राहिले. गेले कित्येक दिवस माझ्या मनात एक भाषण तयार होतं. की टेपाची अर्धी जमीन रंभाबाईंची होती. की दान करणारी खरी ती आहे, आम्ही नाही. की जिच्या जमिनीवर ही घरं उभी राहणार आहेत तीच अर्ज घेऊन रांगेत उभी आहे, याची मला लाज वाटते. हे सगळ्यांसमोर बोलून टाकायचं, एकदा तरी ताठ उभं राहायचं, असं मी घोकत होते. आणि आता उभी राहिले तर लक्षात आलं की यातलं एक वाक्य जरी बोलले तरी गोमाभाऊ म्हणणार, बघा, मालकीण होती, घरासाठी नाव सोडलं. आणि नाव कापलं जाणार. माझी लाज हलकी होईल आणि वन्संचं घर जाईल.

भिंतीशी बसलेल्या वन्सं माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी मान हलवली, अगदी जराशी. नको.

"रंभाबाई लग्न होऊन गेलेल्या आहेत," मी म्हटलं. माझा आवाज स्वच्छ होता, सभेला लागतो तसा. "आमच्या घराशी आणि टेपावरच्या जमिनीशी त्यांचा काहीही संबंध नाही. सातबाऱ्यावर नुसतं नाव होतं, ते निघालंय." आणि कुणाला शंका उरू नये म्हणून मी पुढे म्हटलं, "संबंध कधीच नव्हता."

मला वाटलं आता तरी कुणी हरकत घेईल. कधीच नव्हता म्हणजे काय, बापाची मुलगी ना ती, असं एखादा तरी विचारेल. नथूशेठ म्हणाले, "बरोबर आहे. लेकीचं नाव ते, असायचं म्हणून असतं." बायकांनी माना डोलावल्या. गोमाभाऊसुद्धा खाली बसले. "तसं असेल तर माझी हरकत नाही," ते म्हणाले. साऱ्या सभेत ते वाक्य कुणाच्याही घशात अडकलं नाही.

मॅडमनी ते लिहून घेतलं.

यादी मंजूर झाली. स्वतःच्या मालकीची जमीन गोरगरिबांना दिल्याबद्दल संदेशच्या अभिनंदनाचा ठराव आला. त्याला व्हरांड्यातून आत बोलावलं, शाल घातली. इमारतींना नामाबाबांचं नाव द्यायचं एकमताने ठरलं. टाळ्या पडल्या तेव्हा मी मागे बघितलं. वन्सं टाळ्या वाजवत होत्या. शेजारच्या बाईला हाताने ढोसून सांगत होत्या, "माझा भाऊ, माझा भाऊ." संदेश शाल सावरत छताकडे बघत होता. त्या दिवशी त्याने शीळ घातली नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन.

सभा संपल्यावर मी दाराशी थांबले. तोंड लपवून मागच्या दाराने जायचं मनात होतं, पण पाय निघेना. वन्सं गर्दीतून वाट काढत आल्या. मला वाटलं, आता यांच्या पाया पडावं. पण चारचौघांत अध्यक्ष लाभार्थ्याच्या पाया पडली तर पुन्हा हरकत निघाली असती. मी नुसती उभी राहिले.

"चांगलं बोललीस गो," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "मी घाबरलेली. बोल्लू, ही आता भलतंच काहीतरी बोलते की काय."

त्यांच्या साडीच्या निऱ्यांशी फॉल दिसत होता. त्यांनी स्वतःच हाताने लावला होता, बारीक, सारखे टाके घालून. माझी नजर तिथे गेलेली बघून त्यांनी पदर पुढे घेतला आणि तो दोन्ही हातांनी जरा पसरून मला दाखवला.

"दिसते ना चांगली?"

"दिसते," मी म्हटलं. माझ्या अंगावर भावांनी दिलेली, धसईची होती.